व्हॉल्व्हला पाजायचं पाणी

मी पोटापाण्यासाठी व्हॉल्व्ह तपासते. असं सांगितलं की समोरचा माणूस एक तर गप्प होतो किंवा आपल्या वडिलांच्या हृदयाची झडप कशी बदलली ते सांगायला लागतो. माझे व्हॉल्व्ह लोखंडाचे आणि पोलादाचे. तेलाच्या, वाफेच्या, रसायनांच्या पाइपांवर बसणारे. ते परदेशी निघाले की घेणाऱ्याच्या वतीने मी कारखान्यात जाऊन उभी राहते. माझ्यासमोर व्हॉल्व्हमध्ये पाणी भरतात, पंपाने दाब चढवतात आणि मी डोळे फाडून थेंब शोधते. सगळ्या जगाने मान्य केलेली नियमांची पुस्तकं आहेत, त्यात कुठल्या व्हॉल्व्हला किती दाब, किती वेळ, हे सगळं लिहून ठेवलंय. मी कोल्हापूरची, आमच्याकडे ओतशाळांची, म्हणजे फाउंड्र्यांची, कमतरता नाही, त्यामुळे बरंचसं काम घराजवळच, फिरती झालीच तर पुण्या-मुंबईकडे. या जानेवारीत प्रथमच नांदेड-लातूरचं काम निघालं, तेव्हा माझ्या ऑफिसातल्या लोकांनी एकच सल्ला दिला, "पाण्याची बाटली बरोबर ने." त्यांना चेष्टा करायची होती, पण सगळा प्रवास खरोखर पाण्याभोवतीच फिरला.

नांदेड

काम लातूरच्या कारखान्यात असताना मला नांदेडला उतरायला का सांगितलं, हे गाडीतून उतरेपर्यंत कळलं नव्हतं. स्टेशनबाहेर कारखान्याचे मालक स्वतः आले होते. बालाजीराव. चाळिशीचा माणूस, कपाळाला गंध, पायात सेफ्टी बूट, आणि मागे निळ्या कॅननी खच्चून भरलेला टेम्पो.

"म्याडम, आपल्याला ह्याच गाडीत जायचंय. तकलीफ माफ करा," ते म्हणाले. "पानी न्यायचं होतं, म्हून म्हनलं तुमालाबी संगंच न्यावं."

म्हणजे मी पाण्याबरोबर फुकट आलेली सवारी होते. मला हसू आलं आणि कुतूहलही वाटलं. नांदेडहून लातूरला पाणी? रस्त्याने चार तासांचं अंतर?

नाश्त्याला त्यांनी एका टपरीवर सुशीला खायला घातली. मी सुशीला हे कुणा बाईचं नाव समजत होते. इथे ती भिजवलेल्या चुरमुऱ्यांची, कांदा-मिरची-शेंगदाणे घालून परतलेली, पोह्यांसारखी मऊ आणि पोह्यांपेक्षा हलकी. वर गरम भजी. आमच्याकडे चुरमुरे भिजले की भडंगाचा सत्यानाश झाला म्हणून घरात आरडाओरडा होतो, इथे ते मुद्दाम भिजवतात. मी दोन बशा खाल्ल्या.

खाता खाता पाण्याचा उलगडा झाला. बालाजीराव आजवर साध्या पोलादाचे व्हॉल्व्ह करत आले. या खेपेला प्रथमच स्टेनलेस स्टीलच्या बॉल व्हॉल्व्हची ऑर्डर मिळाली, तीही परदेशातून. आणि स्टेनलेसच्या चाचणीला कुठलंही पाणी चालत नाही. पाण्यात मिठाचा अंश, म्हणजे क्लोराइड, ठरलेल्या मर्यादेच्या आत असावा लागतो. चाचणी झाल्यावर कानाकोपऱ्यात थोडं पाणी राहतं, ते वाळतं, मीठ तिथेच बसतं आणि बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या धातूला आतून बारीक भोकं पाडत जातं. लातूरच्या बोअरचं पाणी खारं.

"मग फिल्टरचं पाणी घ्यायचं ना," मी म्हणाले. "गल्लोगल्ली जार मिळतात."

"ते तपासलं. तेबी खारंच निघालं." बालाजीरावांनी कपाळावर हात मारला. "त्या फिल्टरवाल्याला इचारलं, कामून रे बाबा? तर म्हनतो, नुसतं फिल्टरचं पानी लोकांला गोड लागंना, म्हून थोडं बोअरचं सोडतो. आता काय बोलावं?"

शेवटी नांदेडचे त्यांचे मेहुणे कामाला आले. ते बॅटरीत घालायचं पाणी तयार करतात, गोदावरीचंच पाणी घेऊन त्यातले क्षार काढून टाकतात. त्यांची टाकी बालाजीरावांनी तळापर्यंत रिकामी करून आणली होती.

लोहा, अहमदपूर, चाकूर

टेम्पो पाण्याच्या वजनाने वळणावर हलत होता. काळ्या रानात हरभरा, करडई, मधूनच उभी ज्वारी. आमच्या उसाने डोळ्यांपुढे भिंत उभी राहते. इथे नजर लांबवर जाते आणि कुठे अडली तर एखाद्या बाभळीपाशी. एका बांधावर देवणी जातीची गाय चरत होती, पांढऱ्या अंगावर मोठे काळे ठिपके, इतकी रुबाबदार की मी टेम्पो थांबवून फोटो काढला. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

गंमत वेगळीच होती. जिथे थांबू तिथे लोक कॅनकडे बघत. लोह्याच्या चहावाल्याने विचारलं, अहमदपुरात पंक्चर काढणाऱ्याने विचारलं. (हो, पंक्चर झालं. एवढ्या वजनाला ते होणारच होतं.) कुणीही व्हॉल्व्हबद्दल विचारलं नाही, मी कोण हेही नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, पाणी कुठलं?

"गंगेचं," बालाजीराव सांगत. या भागात गोदावरीला गंगाच म्हणतात.

"मंग एक तांब्या द्या की राव."

"प्यायचं न्हाई ते, मामा. व्हॉल्व्हला पाजायचंय."

पंक्चरवाल्याने हातातलं काम थांबवलं. "लोखंडाला गंगेचं, आन् आमाला बोअरचं," तो म्हणाला आणि पुन्हा चाकाला भिडला. बालाजीराव ओशाळले. त्यांनी कॅन उघडला नाही, पण माझ्याजवळची बाटली मागून त्याला दिली. ऑफिसातल्या लोकांचा सल्ला असा उपयोगी पडला.

पुढे चाकूरला हॉटेलात पाण्याचे पेले आले ते अर्धे भरलेले. मला वाटलं पोरगा घाईत असेल. मग आजूबाजूला बघितलं, सगळ्यांचेच अर्धे. कोल्हापुरात अर्धा पेला पुढे ठेवला तर पाहुणा उठून जाईल. मी बालाजीरावांना विचारलं.

"आमच्याकडं असंच. ज्याला लागंल त्यानं पुन्हा मागायचं. उष्टं राहिलं तर सांडावं लागतंय न्हवं?" मग ते म्हणाले, "लातूरला एकदा रेल्वेनं पानी आलतं, म्याडम. तवापासून लोकांचा हातच असा झालाय."

मी माझ्या पेल्यातलं पाणी संपवलं.

लातूर, दुपार

आधी घरी जेवण, मग कारखाना, असं ठरलं होतं. टेम्पो दारात थांबताच बालाजीरावांच्या पत्नी, सुनंदावहिनी, पदर खोचून बाहेर आल्या. मागोमाग गल्लीतल्या दोन-तीन बायका.

"गंगेचं हाय म्हनं?"

"हाय, पर त्यातलं सगळं काढून घेतलंय. बॅटरीचं पानी हाय ते."

"गंगेतून निघालं न्हवं? मंग गंगेचंच." वहिनींनी दोन कॅन उतरवून घेतले. घरात देव आहेत, गल्लीत शेजार आहे, या विषयात नवऱ्याने बोलायचं कारण नव्हतं.

येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, नुकतीच झाली होती. त्या दिवशी लातूरकडची माणसं झाडून सगळी शेतात जाऊन जेवतात. माझी येळवस हुकली याचं वहिनींना इतकं वाईट वाटलं की त्यांनी माझ्यासाठी पुन्हा भज्जी केली होती. आपल्या भज्यांशी हिचा संबंध नाही. तुरीचे ओले दाणे, वाटाणा, हरभरा, हाताला येईल ती पालेभाजी, सगळं बेसनात शिजवलेलं. बरोबर बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे, म्हणजे उंडे, आणि मडक्यातली ताकाची आंबील. आंबील मात्र पेला भरून मिळाली.

जेवताना बालाजीरावांनी कारखान्यात फोन लावला. "व्यंकटमामा, टेम्पो पाठवलालो. टाकी साफ करून ठिवा आन् नवं पानी भरा." व्यंकटमामा चाचणीच्या टेबलावरचे जुने कामगार, पंप तेच चालवतात. मला सुस्ती आली होती. काम सकाळीच सुरू करू म्हटलं आणि लॉजवर गेले.

लातूर, दुसरा दिवस

कारखाना एमआयडीसीच्या टोकाला, पत्र्याचा, आत स्वच्छ. व्हॉल्व्ह ओळीने मांडलेले, रंग न लावलेले. रंग आधी दिला की बारीक भोक त्याखाली बुजून जातं, म्हणून चाचणीआधी रंगाला बंदी आहे. निम्मे कारखाने इथेच घसरतात, हे घसरले नव्हते. दाबाच्या घड्याळांची तपासणी झालेली होती. मी मनातल्या मनात बालाजीरावांना गुण देत होते.

व्यंकटमामा साठीला टेकलेले, अंगाने काटक, डोक्याला पंचा गुंडाळलेला. त्यांनी मला नमस्कार केला आणि टाकीवरचं झाकण उघडून दाखवलं. टाकी काठोकाठ भरलेली. मामांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की माझ्या हातातली क्लोराइड मोजायची पट्टी पाण्यात बुडवताना मलाच उगीच चोरट्यासारखं वाटलं.

पट्टी साधी असते. पाणी कागदात चढतं, पांढरी रेघ किती वर गेली ते बघायचं. रेघ चढायला लागली. चढत राहिली. मर्यादेची खूण ओलांडून वर गेली. मी दुसरी पट्टी बुडवली. तीही तशीच.

"हे नांदेडचं पाणी नाही," मी म्हणाले.

"नांदेडचंच हाय," मामा म्हणाले. "मी माझ्या हातानं भरलंय."

"सगळी टाकी?"

"वरली अर्धी. खाली पहिलं पानी होतं की."

मला क्षणभर समजलंच नाही. बालाजीरावांना समजलं. त्यांचा चेहरा पडला. साध्या पोलादाच्या व्हॉल्व्हसाठी वापरलेलं बोअरचं पाणी टाकीत अर्ध्यापर्यंत होतं, आणि मामांनी नांदेडचं पाणी त्याच्यावरच ओतलं होतं.

"टाकी साफ करा म्हनलं होतं ना मी!"

"केली की, मालक. कडा पुसल्या, गाळ काढला, वरला तवंग काढला. पानी चांगलं होतं. चांगलं पानी सांडायचं कामून?"

माझ्याकडे बघून त्यांनी हे विचारलं. आमच्या कोल्हापुरात कुठल्याही कामगाराने पहिल्यांदा खालचा नळ सोडून दिला असता आणि पाइप लावून टाकी धुतली असती. ही चूक तिकडे होणंच शक्य नव्हतं.

बालाजीराव मात्र भडकले. आणि त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. संध्याकाळी ट्रक निघायचा होता, माल बोटीवर चढायचा होता. घेणाऱ्याने या नवख्या कारखान्याला एकदा आजमावून बघायचं ठरवलं होतं, माल चुकला तर तो आपल्या जुन्या माणसाकडे परत जाणार होता. मीही थांबू शकत नव्हते, दुसऱ्या दिवशी सोलापूरला काम होतं. मेहुण्यांना फोन लावला. टाकी कालच रिकामी करून नेलीत, नवं पाणी तयार व्हायला वेळ लागेल, असं ते म्हणाले. जारवाल्याचं पाणी खारं. बालाजीराव आशेने माझ्याकडे बघत होते. तोंडाने त्यांनी सूट मागितली नाही, हा त्यांचा खानदानीपणा. मागितली असती तरी मला नाहीच म्हणावं लागलं असतं. पट्टीची रेघ मलाही दिसत होती आणि त्यांनाही.

"मामा, उद्यापासून तुमी या टेबलावर यायचं न्हाई," ते म्हणाले. "गेटवर बसा." आणि त्यांनी तावातावाने टाकीच्या तळाच्या नळाला हात घातला. "जाऊ द्या हे सगळं गटारीत."

मामांनी त्यांचा हात धरला. मालकाचा हात धरला! सगळे कारागीर जागच्या जागी थबकले.

"मला गेटवर बसवा, घरी बसवा. पानी नका सोडू, मालक. पुढल्या हप्त्यात साधे व्हॉल्व्ह हायत, त्यांला चालतंय हे."

"चालतं," मी घाईने म्हणाले. "साध्या पोलादाला चालतं." मला त्या दोघांना सोडवायचं होतं, पण ते खरंही होतं. बालाजीरावांनी नळ सोडला आणि खुर्चीवर बसून डोक्याला हात लावला. मी उगाच दाबाच्या घड्याळाकडे बघत उभी राहिले. मला फार वाईट वाटत होतं, आणि कुणासाठी जास्त ते ठरवता येत नव्हतं.

मग मला कालचं दार आठवलं. टेम्पो, पदर खोचलेल्या वहिनी.

"बालाजीराव, घरी दोन कॅन उतरवले होते ना?"

फोन गेला. एक कॅन गल्लीत वाटून संपला होता, निम्मी गल्ली देवपूजा करून मोकळी झाली होती. दुसरा शिल्लक होता, सील न तोडलेला. वहिनी स्कूटीवर पायापाशी तो कॅन ठेवून स्वतः घेऊन आल्या. पट्टी बुडवली, रेघ जेमतेम हलली. पाणी उत्तम होतं.

पण एकच कॅन, आणि व्हॉल्व्ह ओळीने मांडलेले. टेबलावरच्या पंपाला नळ्या भरायलाच एवढं पाणी लागलं असतं.

"एवढ्यात कसं भागंल?" बालाजीराव म्हणाले.

मामा कॅनकडे बघत होते. "पुरवतो," ते म्हणाले.

कोपऱ्यात हाताच्या दांड्याने चालवायचा छोटा चाचणीपंप पडला होता, कोरडा. मामांनी तो पुसला, एका तांब्यात विसळला (विसळलेलं पाणी अर्थातच गटारीत गेलं नाही, ड्रममध्ये गेलं) आणि कामाला लागले. मी पुष्कळ चाचण्या पाहिल्या आहेत. अशी पाहिली नाही.

व्हॉल्व्ह अर्धा उघडून दोन्ही तोंडांना झाकणं घट्ट बसवायची, पाणी भरायचं, वरच्या छिद्रातून हवा काढायची. हवा काढताना चूळभर पाणी उडतं, सगळीकडेच उडतं, फरशी ओली होते. मामांनी छिद्राखाली वाटी धरली. पहिली चाचणी बाहेरच्या कवचाची, नेहमीच्या दाबाच्या दीडपट. मामा दांडा दाबत गेले, काटा चढला, थांबला. मी टॉर्च घेऊन व्हॉल्व्हभोवती फिरले. कोरडा. मग व्हॉल्व्ह बंद करून एका बाजूने दाब आणि दुसऱ्या बाजूने मी डोळा लावून बसलेली, मग उलट. या जातीच्या व्हॉल्व्हमध्ये वाट बंद करणारा गोळा मऊ बैठकीवर टेकतो, तिथे एका थेंबाचीही सूट नाही. झालं की दाब हळूहळू सोडायचा. आणि मग मामा व्हॉल्व्ह पातेल्यावर असा कलता करत की आतलं सगळं पाणी खाली उतरे, गोळा फिरवून फिरवून त्याच्या मागे अडकलेलंही. ते कापडातून गाळून पुन्हा पंपात. मग आत हवा मारून कोरडा करायचा. पुढचा व्हॉल्व्ह.

मी अधूनमधून पट्टी बुडवत होते. रेघ जागेवर होती.

सुरुवातीला बालाजीराव लांब उभे होते. नंतर ते जवळ आले. मग मी बघितलं तर वाटी त्यांच्या हातात होती आणि मामा सांगत होते, "जरा खाली धरा, मालक. उडलालंय."

जेवण पुढे ढकललं गेलं. वहिनी गेल्याच नव्हत्या, स्टुलावर बसून बघत होत्या. एका व्हॉल्व्हच्या झाकणापाशी ओल दिसली तेव्हा वहिनीही स्टुलावरून उठल्या. मी बोटाने पुसलं, थांबले, पुन्हा पुसलं. झाकण नीट आवळलं नव्हतं, व्हॉल्व्हचा दोष नव्हता. पुन्हा लावून पुन्हा चाचणी घेतली आणि तोही पार पडला. शेवटचा व्हॉल्व्ह उतरला तेव्हा उन्हं कलली होती. मी सह्या केल्या, शिक्के मारले. बालाजीरावांनी हात जोडले.

मामांनी पंप पालथा करून उरलंसुरलं पाणी पुन्हा कॅनमध्ये ओतलं आणि कॅन वहिनींपुढे आणून ठेवला. गळ्यापाशी थोडं कमी झालं होतं, बस.

"घ्या वहिनी तुमचं पानी. जरासं घटलंय."

वहिनींनी कॅनमध्ये वाकून बघितलं. "व्हॉल्व्हच्या पोटातून आलेलं देवाला चालंल का वो?" त्यांनी मलाच विचारलं. माझ्या पुस्तकांत हा नियम नाही. मग त्यांचं त्यांनीच ठरवलं. "चालंल की. गंगा तरी कुठं कुठून येती."

ट्रक भरायला लागला. बालाजीराव मामांपाशी गेले. मला वाटलं माफी मागतील, पण तसं काही झालं नाही. ते एवढंच म्हणाले, "मामा, आनखी ड्रम मागवलालो. उद्या खारं पानी त्याच्यात काढून ठिवू. टाकी तुमीच धुवा, दुसऱ्याला जमायचं न्हाई."

"हाव," मामा म्हणाले.

मी बॅग उचलली. बस स्टँडवर सोडायला गाडी उभी होती. तेवढ्यात मामा आतून आले, दोन्ही हातांत स्टीलचा पेला धरून, नजर पेल्यावर, पावलं जपून टाकत. पेला काठोकाठ भरलेला होता.

"प्या, म्याडम. लांब जायचंय."

"मामा, इथे अर्धाच देतात ना?"

"देतात," ते म्हणाले आणि पेला तसाच पुढे धरून उभे राहिले.

मला तहान नव्हती, खरं तर. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते दिसू नये म्हणून मी पेला तोंडाला लावला. पाणी बोअरचं होतं, खारट. मी ते सगळं प्याले आणि पेला परत देण्याआधी, मामांना दिसेल असा, उपडा करून दाखवला.